धुराला गाळणं

तसं नाही मिस्त्री, तसं नाही — बोट फिरवून काय कळणार आहे तुम्हाला, बोट आधीच काळं आहे तुमचं. हा घ्या रुमाल. पांढरा आहे, धुतलेला आहे, नीळ दिलेला आहे. आता फिरवा भिंतीवरून, वरून खाली नाही, आडवा — हं, दाखवा. ही काजळी. धूळ नाही. धूळ झटकली की जाते, ही चोळली की पसरते. मला नका सांगू धूळ कुठली आणि काजळी कुठली. तीस वर्षं हॉस्पिटलचं धुलाईखातं सांभाळलंय मी, चाळीस बायका हाताखाली, रोजच्या बाराशे चादरी. चादर उलगडायच्या आधी वासावरून सांगायचे, डाग रक्ताचा की औषधाचा. आणि तुम्ही बुटांसकट आत येता — असू दे, आलात तर आलात — आणि मलाच विचारता, आजी, ही धूळ कशावरून नसेल? नाही म्हणजे नाही.

तुमच्याआधी रंगारी आणला होता माझ्या मुलानं. दोनदा आणला. पहिल्यांदा म्हणाला ओल आहे, म्हणून ओलीचा रंग मारून गेला. दोन महिन्यांत पुन्हा काळं. दुसऱ्यांदा म्हणाला, पहिला रंग हलका होता. म्हणजे रंग कुणी आणला होता, मी? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. भिंत खरवडली, पुट्टी भरली, घरभर पांढरा भुगा करून ठेवला, आणि हे बघा, कपाटाच्या मागं बघा, छताच्या कोपऱ्यात बघा — जसंच्या तसं. ओल्या फडक्यानं पुसू नये म्हणता? अहो, पुसून झालंय. पुसलं म्हणून तर हे ढग उठलेत. आधी कोरड्या स्पंजनं उचलायचं, मग साबणाचं पाणी, असं तुम्ही आत्ता सांगताय, तेव्हा कुठं होतात?

आता ऐका, तुम्हाला कशासाठी बोलावलंय ते नीट ऐका, नाहीतर तुम्ही आपले पाने-पक्कड घेऊन हिंडत बसाल घरभर. तुमच्या त्या छापील कागदावर एक रकाना असतो ना — कारण? तेवढा भरायचा. बाकी काही नाही. सूनबाईच्या मेणबत्त्या, असं लिहायचं आणि खाली सही करायची. तो कागद मुलाला दाखवायचाय. अकरा दिवस झाले तो बायकोला आणि माझ्या नातीला घेऊन गेला, बायकोच्या आईकडं राहतोय. जाताना काय म्हणाला माहितीये? आई, तिसऱ्या माणसाला बोलाव, धूर-गॅसमधलं कळणाऱ्या जाणकाराला. त्यानं लिहून दिलं की काजळी मेणबत्त्यांची आहे, तर ही तुझे पाय धरेल आणि आम्ही त्याच दिवशी परत येऊ. दुसरं काही निघालं, तर तू हिच्याकडं येऊन, हिच्या आईसमोर, चुकले म्हणायचं. मी म्हटलं, मान्य. डोळे मिटून मान्य. मला माहीत होतं ना काय निघणार ते.

या, दाखवते मेणबत्त्या. हा खण बघा. ही लव्हेंडरची. ही व्हॅनिलाची. ही कसली — समुद्राची झुळूक. समुद्राची झुळूक बाटलीत भरून पेटवायची आणि नाकाशी धरून बसायचं, हे शिकलेल्या मुलींचं डोकं. ऑफिसातून आली की पहिलं काम, खोल्यांमधल्या बोळातल्या फळीवर एक मेणबत्ती. का, तर डोकं शांत होतं म्हणे. डोकं दुखतं ना तिचं. सारखं. सकाळी उठली की दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखतं, मळमळतं. ऑफिसला गेली की थांबतं. घरी आली की पुन्हा सुरू. आता तुम्हीच सांगा, यावरून माणसानं काय समजायचं? मी समजायचं ते समजले. बोलूनही दाखवलं. म्हटलं, बाई, तुझं डोकं माझ्यामुळं दुखतं हे सरळ सांग, मेणबत्त्या कशाला जाळतेस. त्यावरून तर भांडण पेटलं. माझंही दुखतं म्हणा डोकं, पण मी त्याचा बाजार मांडत नाही. बाम चोळते आणि कामाला लागते.

काय? शेवटची मेणबत्ती कधी लावली? अकरा दिवसांपूर्वी, सांगितलं ना. ती गेल्यावर कोण लावणार, मी? नाही, त्यानंतर एकही नाही. हो, पुसली ना, भिंत पुसली, ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुसली, तिच्या नावानं खडे फोडत पुसली. आणि परवा पुन्हा — म्हणजे परवा थोडीशी आली होती, म्हणून पुन्हा पुसली. असे बघू नका माझ्याकडं. पडद्यात अडकलेली असते काजळी, ती सुटते हळूहळू. धुलाईतली बाई आहे मी, कापडात काय काय अडकतं ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. पडदे? धुतले ना. ते पण दुसऱ्याच दिवशी. बरं, मग गादीतली असेल. तुम्ही मिस्त्री आहात की वकील?

स्वयंपाकघर बघायचंय, बघा. भांड्यांची बूडं बघा. एकही काळं नाही. शेगडीचे बर्नर मी सुईनं टोकरते दर आठवड्याला. पंख्याची जाळी काढून बघताय? काढा की. तेलाचा थेंब सापडला तर सांगा. सापडला? नाही ना. नावं ठेवायला जागा नाही म्हणून तोंड असं झालंय का तुमचं? या आता माझ्या खोलीत, खरी काजळी इथंच आहे. बोळातून सगळा वारा इकडं येतो ना, तिची मेणबत्ती तिकडं आणि तिचं पाप माझ्या भिंतीवर.

हा हिटर? लावला की. भिंतीतलाच आहे, खोली तापवायचा, गॅसचा, हे घर घेतलं तेव्हापासूनचा. माझे मालक होते तेव्हा ते बघायचे त्याचं. दरवर्षी थंडीच्या आधी माणूस बोलावायचे, तो उघडायचा, ब्रश मारायचा, चहा पिऊन जायचा. ते गेले त्याला चार वर्षं झाली. मी नाही बोलावलं मग कुणाला. चालतंय की. ऊब मिळतेय. उलट आता जास्त छान चालतो — बघा ना ज्योत कशी पिवळीधम्मक. आधी निळी असायची, बुटकी. बघूनच थंडी वाजायची. हल्ली कशी डुलते, घरात काही पेटलंय असं वाटतं तरी. काय तोंड वाकडं करताय? पिवळी नको, निळी हवी? तुमचं सगळं उलटंच. आणि त्या काचेवर जे काळं आहे ना, ते मी पुसते रोज. रोज सकाळी पुसते. संध्याकाळी परत — बरं, परत येतं. मग?

बंद का केलात? अहो, बंद कशाला केलात, खोली गार पडेल. आणि खिडकी — खिडकी नका उघडू, मी सांगून ठेवते, गुडघे धरतात माझे. दोन्ही पल्ले उघडले. घरच्यासारखे वागायला लागलात हो. माझी नात इथं नाही म्हणून गप्प बसते मी, नाहीतर हात लावू दिला नसता. तिची दुपारची खोली आहे ही. दहा महिन्यांची आहे छकुली. आईजवळ पाच मिनिटं डोळा लागायचा नाही तिचा. आई आपली खांद्यावर घेऊन येरझारा घालतेय, गाणी म्हणतेय, मोबाइलमधून कसला तरी पावसाचा आवाज लावतेय. मी म्हणायचे, दे इकडं. इथं आणायची, दार लावायची, हिटर मोठा करायची, मांडीवर घ्यायची — दहा मिनिटांत गार. दोन-दोन तास. भांडं पडलं तरी हलायची नाही. मुलगा म्हणायचा, आई, तुझ्या हातात काय जादू आहे. आणि हिचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मीसुद्धा डुलायचे तिच्याबरोबर खुर्चीत. बरं वाटायचं हो. चाळीस बायका हाताखाली असलेलं माणूस, रिटायर झाल्यावर कुणाच्या उपयोगी पडतं? तिथं पडत होते मी उपयोगी. त्या पोरीला नेली तिनं इथून.

आता गॅलरीत कुठं निघालात? धुराची नळी बघायचीये? बघा. ती आपली भिंतीभिंतीनं जाऊन गॅलरीत निघते, वरच्या अंगाला, कपड्यांच्या दोरीच्या वर. स्टूल घ्या, ते लाकडी नको, ते हलतं. जपून. तिच्या तोंडाला हात लावू नका फक्त, माझं गाळणं आहे तिथं.

गाळणं. गाळणं माहीत नाही? दूध गाळतात, चहा गाळतात, पीठ चाळतात — तसं मी धूर गाळते. हसायला काय झालं? दोन वर्षांपूर्वी एकदा पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या दोरीवर, तर वर काळे ठिपके. नळीतून उडालेले. माझ्या चादरींवर. त्या दिवशी डोक्यात आलं — बाहेर पडणारा धूरच गाळला तर? मलमल घेतली, दुहेरी केली, नळीच्या टोपीवर ताणून बसवली आणि दोरीनं आवळली. एक ठिपका नाही त्यानंतर चादरीवर. शेजारणीला दाखवलं, तिनंही वाखाणलं. धुलाईत आम्ही पाइपच्या तोंडाला अशीच कापडं बांधायचो, गंज पाण्यात उतरू नये म्हणून. अक्कल लागते मिस्त्री, नुसते पाने असून चालत नाही. करपत नाही हो, नळी लांब आहे, तिथवर येईपर्यंत धूर कोमट होतो. महिन्या-महिन्याला बदलायचे, उकळत्या पाण्यात सोडा घालून धुवायचे. मग गुडघे गेले. स्टुलावर चढवेना. मुलाला सांगितलं असतं, पण तो म्हणाला असता, काढून टाक. सूनबाईला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. आता सहा-सात महिने झाले असतील, नाही बदललं. थंडी सुरू झाल्यापासून तरी नाहीच.

काढलंत? मी हात लावू नका म्हटलं होतं.

आणा इकडं. ठेवा या कागदावर. हे — हे माझं गाळणं? हे कापड आहे? डांबर फासल्यासारखं झालंय. प्रकाशाकडं धरा बघू. आरपार काहीच दिसत नाही. बरं, म्हणजे काम चोख करत होतं की. एवढं सगळं अडवलं त्यानं, नाहीतर हे सगळं बाहेर गेलं असतं, माझ्या चादरींवर. बोला ना. काय म्हणताय? धूर बाहेर गेला नाही, तर — हां. तर मागं फिरला. कळतं मला, मी काही दुधखुळी नाही. मागं फिरला आणि खोलीत आला. आणि ज्योत पिवळी झाली, आणि काजळी वाढली, आणि गाळणं आणखी चोंदलं. एकातून एक. बरं. आणि चादरींवर पहिले ठिपके आले, तेच मुळी हिटर सांगत होता की मला उघडा, ब्रश मारा. निळ्या ज्योतीची काजळी होतच नाही. असं म्हणता. म्हणजे डाग दिसला तर मी डागाचं मूळ शोधलं नाही, मी डागाच्या वाटेवर कापड बांधलं. धुलाईतल्या एखाद्या नव्या पोरीनं असं केलं असतं ना, तर तिला मी सगळ्यांच्या देखत फाडून खाल्लं असतं.

ठीक आहे. झालं. चूक झाली. हिटर उघडा, ब्रश मारा, जे काय असेल ते करा. मेणबत्त्यांचीही थोडी असेलच काजळी, तेवढं लिहा की कागदावर — दोन्ही कारणं लिहा. थोडं त्यांचं, थोडं माझं. काय फरक पडतो. ती परत आली म्हणजे झालं.

डोकं? माझं? सांगितलं ना दुखतं. कधी? सकाळी. संध्याकाळी. बाजारात गेले की नाही दुखत, बाजारात कशाला दुखेल, मोकळ्या हवेत — हो. सूनबाईचंही तसंच. ऑफिसला गेली की थांबायचं. तिची खोली ही पलीकडची, मधली भिंत एकच, दाराला फट. मळमळही व्हायची तिला. मुलाला नाही, तो दिवसभर बाहेर, रात्री बाहेरच्या खोलीत खिडकी सताड उघडी टाकून झोपणारा. तुम्ही हे सगळं का विचारताय? काजळीचं बोला. काजळी दिसते ती, आणि दिसत नाही तो — कसला वायू? वास नाही, रंग नाही. बरं. त्यानं डोकं दुखतं. मळमळतं. आणि?

आणि गुंगी येते.

कुणाला येते? सगळ्यांना. लहान मुलांना लवकर. किती लवकर? हे कुठं लिहिलंय, की तुम्हीच सांगताय आपलं, एक हिटरवाला? दहा मिनिटांत माझ्या मांडीवर — नाही, थांबा. थांबा जरा. ती माझ्या मांडीवर झोपायची. मी थोपटायचे तिला. मी तिच्या भुवयांवरून अंगठा फिरवायचे, असा, आणि तिचे डोळे मिटायचे. ते काय वायूनं? भांडं पडलं तरी हलायची नाही म्हणून मी — मी सगळ्यांना सांगत हिंडले हो. शेजारणीला सांगितलं. सूनबाईच्या आईला फोन करून सांगितलं, तुमच्या लेकीला नाही जमत, माझ्याकडं बघा कशी झोपते. दार लावून घ्यायचे मी. वारा नको लागायला पोरीला, म्हणून दाराच्या फटीला टॉवेल लावायचे. सुट्टीच्या दिवशी सूनबाई दारात उभी राहायची, म्हणायची, आई, एवढी झोपते ते बरोबर वाटत नाही मला. मी म्हणायचे, तुला जळतं.

पाणी नको मला. बसा तुम्ही. नाही, मीच बसते.

आता धोका नाही म्हणता. अकरा दिवस लांब आहे, अंगातून निघून गेलेलं असेल. खेळते, खाते ना, असं विचारता — हो, खेळते. मुलगा रोज फोटो पाठवतो, उभी राहायला लागली धरून. मी म्हटलं, तिकडच्या हवेत सुधारली दिसते. टोमणा म्हणून म्हटलं होतं. डॉक्टरांना दाखवायचं एकदा. तिलाही, मलाही, सूनबाईलाही. बरं. नेमकं काय सांगायचं डॉक्टरांना? खोलीत किती वेळ, किती दिवस. मला पाठ आहे. दीड ते साडेतीन. सुट्टीच्या दिवशी सकाळीही.

हे काय लिहिलंत? दाखवा. कारण, दोन ठिपके, धुराच्या नळीत अडथळा. अडथळा म्हणजे? अडथळा काय वाऱ्यानं उडत आला? पक्ष्यानं घरटं केलं? दया करताय का माझ्यावर, मिस्त्री? मला नको तुमची दया, मघापासून मी तुम्हाला इतकं घालून पाडून बोलतेय आणि तुम्ही मला वाचवायला निघालात. आमच्याकडं धुलाईत वहीत नुसतं ‘डाग राहिला’ असं लिहिलेलं मी चालवून घेत नव्हते. कुणी ठेवला ते लिहायचं. लिहा — सासूनं नळीच्या तोंडाला कापड बांधलं. सात महिने काढलं नाही. मेणबत्त्यांचा संबंध नाही. हे खोडू नका, वर लिहा. आणि खाली लिहा, मूल रोज दोन तास या खोलीत, दार बंद करून, आजीजवळ. जागा नाही? मागं लिहा. मागची बाजू कोरी आहे की अख्खी. अक्षर जरा बरं काढा, तिला वाचायचंय ते.

द्या इकडं तो फोन. चष्मा राहू दे, तिचा नंबर पाठ आहे मला. नाही, मुलाला नाही करायचा. तो म्हणेल जाऊ दे आई, आणि मिटवून टाकेल. तिलाच करते. तिनंच दारात उभं राहून सांगितलं होतं.

हॅलो. मी बोलतेय. — नाही, त्याला नको देऊस, तूच ऐक. — हो, आला होता, इथंच आहे. कागद झालाय. मी घेऊन येते तो, तुझ्या आईसमोर वाचते, पण ते नंतर. छकुली कुठंय? — झोपलीये? कधीपासून? — उठव तिला. — मला माहितीये आत्ताच झोपली असेल, मला माहितीये तिथं काही नाही, खिडकी उघडी असेल, सगळं माहितीये मला. तरी उठव. रडली तर रडू दे, फोन तिच्या तोंडाशी धर, मला ऐकू दे. — मी सांगते तुला, सगळं सांगते, आधी उठव.

मिस्त्री, तुम्ही अजून इथंच? झालं ना तुमचं काम. निघा आता.